खडकुट्याच्या मल्हूचा सांगावा

खडकुटे गावात मल्हू नावाचा एक भोळा माणूस राहत होता, आणि तीन गावांनी मिळून त्यालाच निरोप्या नेमलं होतं.

तीन गावं अशी. डोंगराच्या पायथ्याला, डांबरी सडकेच्या फाट्याजवळ तांबसवाडी. मध्यावर खडकुटे. आणि अगदी वर, जिथे कच्चा रस्ता संपतो, तिथे वरंडोली. तिन्ही गावांची पंचायत एक, सरपंच एक. बातम्या मात्र तीन ठिकाणच्या. कुणाची म्हैस व्याली, कुणाची विहीर आटली, कुणाकडे पाहुणे येणार, कोण गेलं, हे सगळं एका गावातून दुसऱ्या गावात पायी न्यावं लागे. पूर्वी हे काम केरबातात्या करत. त्यांचे डोळे अधू झाले तेव्हा ते मल्हूकडे आलं.

मल्हूत दोन गुण होते. तो भरभर चालत असे. आणि सांगितलेलं कधी विसरत नसे. पुढे जे काही झालं ते या दोन गुणांमुळेच झालं.

मल्हूच्या आईचं नाव हौसाबाई. तिचे गुडघे पार गेले होते. तालुक्याचा बाजार तिने जन्मभर चालत केला होता, डोक्यावर पाटी घेऊन. आता तिची एकच इच्छा होती.

"एकदा बसून बाजारला जाईन आन् बसून माघारी येईन," ती म्हणे. "मग मेले तरी चालंल."

त्यासाठी एसटी हवी होती. सरपंच जोतिरामांनी तालुक्याला खेटे घालून घालून ती मागितली. शेवटी डेपोचे साहेब म्हणाले, "सुगीच्या दिवसांत मी स्वतः गाडी घेऊन वरंडोलीपर्यंत येतो. वाटेत तिन्ही गावांत उतारू दिसले, तर गाडी सुरू. नाही दिसले, तर ती दुसऱ्या खोऱ्यात जाईल."

हौसाबाईने त्याच दिवशी नवं लुगडं घडी मोडून उन्हात टाकलं.

सुगीला अजून अवकाश होता. मल्हूचं काम चालू झालं.

पहिलीच बातमी वाईट निघाली. खडकुट्याचे यसबानाना पहाटे वारले. त्यांची लेक अनसा वरंडोलीला दिलेली. मल्हू धावत वर गेला. अनसा अंगणात तांदूळ पाखडत होती. मल्हू गल्लीच्या तोंडापासूनच म्हणाला, "अनसाक्का, तुझा बाप गेला. मातीला ये."

अनसा सुपासकट खाली पडली. तांदूळ कोंबड्यांनी खाल्ले.

केरबातात्यांनी मल्हूला बोलावून घेतलं. ते चिडले नाहीत. त्यांनी नीट समजावलं.

"अरं, बातमी अशी तोंडावर फेकत्यात व्हय? आधी राम राम करायचा. टेकायचं. पीकपाण्याचं इचारायचं, पोराबाळांचं इचारायचं. मग खाली बघायचं आन् म्हणायचं, जरा बरं न्हाय. मग म्हणायचं, आता जास्तच हाय. मग म्हणायचं, मनाची तयारी ठेवा. आन् सगळ्यात शेवटी म्हणायचं, चला, शेवटचं बघून घ्या. समजलं?"

"ध्यानात ठेवलं," मल्हू म्हणाला.

आणि त्याने ठेवलं.

काही दिवसांनी मल्हू माळावरून येत होता. तांबसवाडीच्या कोंडिबा जगदाळ्याची कडब्याची गंज त्या माळावर होती. तिच्यातून धूर येत होता. मल्हू तडक तांबसवाडीला गेला. कोंडिबा ओट्यावर दोरी वळत बसला होता.

"राम राम कोंडिबा."

"राम राम. का येणं केलंस?"

"टेकतो जरा." मल्हू टेकला. "पीकपाणी काय म्हणतंय?"

"बरं हाय."

"पोरंबाळं?"

"बरी हायती."

"गुरंढोरं?"

"ती बी बरी हायती. तू कामाचं बोल की गड्या."

मल्हूने खाली बघितलं. "तुमच्या गंजीला जरा बरं न्हाय."

"कुणाला?"

"गंजीला. अंग तापलंय तिचं."

कोंडिबा मोठ्याने हसला. त्याने बायकोला हाक मारली. "अगं, ऐकलंस का, आपल्या गंजीला ताप आलाय! मल्हूला च्या टाक."

"बातमी पुरी झाल्याबिगर च्या घेत न्हाय," मल्हू म्हणाला. थोडा वेळ त्याने जाऊ दिला. "आता जास्तच हाय."

"काय जास्त हाय?"

"ताप. मनाची तयारी ठेवा."

मग कोंडिबाच्या हातातली दोरी थांबली. वाऱ्यावर जळक्या कडब्याचा वास आला होता. मल्हू उठून उभा राहिला.

"चला," तो हळू आवाजात म्हणाला. "शेवटचं बघून घ्या."

सगळे माळावर पोचले तेव्हा बघायला एक काळं वर्तुळ होतं. कोंडिबाने डोक्याला हात लावला आणि तोच हात मल्हूच्या पाठीत घातला.

"गाढवा! आग लागल्यावर पीकपाणी इचारतोस? असलं काय दिसलं तर पायात वहाण घालायला बी थांबायचं न्हाय! लांबूनच बोंब ठोकायची. धावा, धावा, घागरी घ्या, असतील नसतील तेवढ्या घ्या! आन् तिथं गेल्यावर कुणाला काय इचारत बसायचं न्हाय. दिसलं की पाणी मारायचं. समजलं का?"

"ध्यानात ठेवलं," मल्हू म्हणाला.

आणि त्याने ठेवलं. संध्याकाळी आईला त्याने सगळं सांगितलं. हौसाबाई गुडघ्यांना तेल चोळत होती. "असू दे," ती म्हणाली. "पर एसटीच्या येळंला घोटाळा करू नगंस, माझ्या राजा."

पुढच्याच पंधरवड्यात वरंडोलीच्या सोनाक्का शेलारांच्या नातीला बघायला पाहुणे यायचे होते. सोनाक्कांनी मल्हूला टेकाडावर बसवलं. "पाव्हणं दिसलं की मला येऊन सांग," त्या म्हणाल्या. कसं सांगायचं ते त्यांनी सांगितलं नाही. त्यांना वाटलं, सांगणं म्हणजे सांगणं.

दुपार कलताना पाहुणे दिसले. नवरदेवाचा बाप, दोन चुलते आणि मामा. चौघांचे कपडे पांढरेशुभ्र, परीटघडीचे. चढणीने दमून ते सावकाश येत होते. मल्हूने वहाणा टेकाडावरच सोडल्या आणि पळत सुटला.

"धावा! धावा! घागरी घ्या! असतील नसतील तेवढ्या घ्या!"

वरंडोलीने कोंडिबाच्या गंजीची गोष्ट ऐकली होती. गाव मागे राहिलं नाही. बाया पाणवठ्यावरून भरल्या घागरी घेऊन निघाल्या. बाप्यांनी बादल्या, हंडे, गुरांची घमेली उचलली. पुढे मल्हू, मागे गाव. वेशीपाशी धुरळा इतका उडाला की मागच्यांना पुढचं दिसेना.

"कुठं हाय? कुठं हाय?"

"ह्यो काय!" म्हणून मल्हूने पहिली घागर नवरदेवाच्या बापावर ओतली. त्याने ओतली म्हणून दुसऱ्याने ओतली. दुसऱ्याने ओतली म्हणून बाकीच्यांनी ओतली. मामा मध्येच म्हणाले, "अहो, आम्ही शेलारांकडं..." तेवढ्यात त्यांच्या तोंडावर घमेलं आलं.

धुरळा बसला. पाहुणे निथळत उभे होते. बापाच्या गुलाबी फेट्याचा रंग उतरून शर्टावर आला होता.

नवरदेवाच्या बापाने मिशा पिळल्या. मग म्हणाला, "आमच्याकडं हंडाभर पाण्याला दोन कोस जावं लागतं. जिथं पाव्हण्यावर ओतायला एवढं पाणी हाय, त्या गावची पोरगी आम्हाला पसंत हाय."

लग्न ठरलं. पण सोनाक्का लग्न ठरलं म्हणून गप्प बसणाऱ्या नव्हत्या. त्यांनी मल्हूचा कान धरला आणि शेवटपर्यंत सोडला नाही.

"मेल्या, पाव्हणं आलं की आरडाओरडा करायचा नसतो! हसून सामोरं जायचं. कपाळाला कुंकू लावायचं. गळ्यात हार घालायचा. हाताला धरून आत आणायचं. आपलंच घर समजा म्हणायचं. आन् पोटभर जेवल्याबिगर हलू द्यायचं न्हाय. समजलं का?"

"ध्यानात ठेवलं," मल्हू कान चोळत म्हणाला.

आणि त्याने ठेवलं.

सुगी आली. तांबसवाडीच्या खळ्यांवर भुईमुगाच्या शेंगा वाळत पडल्या. एका दुपारी मल्हू निरोप घेऊन तिथे गेला, तेव्हा खळ्यावरची माणसं जेवायला निघाली होती. "आलास तर जरा बस," ती म्हणाली. "कोण येतंय का बघ."

मल्हूने बघितलं. आलं. डोंगरावरून वानरांची अख्खी टोळी आली. पुढे थोराड हुप्प्या, मागे माद्या, त्यांच्या पोटाला चिकटलेली पिल्लं. म्हणजे सहकुटुंब आले होते.

मल्हू हसून सामोरा गेला. खळ्याच्या कडेला मरीआईचं ठाणं होतं. तिथलं कुंकू त्याने घेतलं, तिथलाच झेंडूचा हार उचलला. हुप्प्याच्या दोन्ही हातांत शेंगा होत्या, त्यामुळे त्याने कुंकू लावून घेतलं. हारही घालून घेतला. त्यातला एक झेंडू खाऊन बघितला.

"आपलंच घर समजा," मल्हू म्हणाला.

वानरं मल्हूसारखीच निघाली. सांगितलं ते त्यांनी मनावर घेतलं. खळं संपवून ती गावात गेली. मल्हू प्रत्येकाला आग्रह करत होता. एक म्हातारी वानरी परत डोंगराकडे निघाली, तर त्याने तिला गुळाचा खडा दाखवून माघारी आणली. पोटभर जेवल्याशिवाय हलू द्यायचं नव्हतं, आणि तिचं पोट भरलं की नाही हे त्याला कळत नव्हतं.

टोळी तांबसवाडीत पुष्कळ दिवस राहिली. घरांची कौलं फुटली. चुलीवरची भाकरी चुलीवरून जाऊ लागली. पोलीस पाटील रंगरावांचा ठेवणीतला कोट हुप्प्याने पळवला आणि तो घालून तो चावडीवर बसला. काही लोकांनी लांबून त्याला राम राम केला. हे रंगरावांना फार लागलं.

शेवटी गावाने पत्र्याचे डबे बडवून टोळीला डोंगरात घालवलं. घसा बसलेल्या रंगरावांनी मल्हूला समोर उभं केलं.

"नीट ऐक. भाईरचं काय बी धूड गावाकडं येताना दिसलं, तर आधी तिन्ही गावांत वर्दी द्यायची. धूड आलं, दारं लावा, पोरं आत घ्या! बास, एवढंच. एक शब्द कमी न्हाय, एक शब्द जास्ती न्हाय. चिटपाखरू भाईर दिसता कामा नये. मग आपण डबं बडवीत त्याच्या अंगावर जायचं. पाठ दावून जाईस्तवर थांबायचं न्हाय. पुन्हा हिकडं फिरकायची छाती झाली न्हाय पायजे. समजलं का?"

"ध्यानात ठेवलं," मल्हू म्हणाला.

आता एसटी.

साहेबांनी निरोप पाठवला होता की या आठवड्यात कधीही येईन. दिवस सांगणार नाही, कारण दिवस सांगितला की लोक भाड्याने उतारू आणतात. सरपंच जोतिराम पेचात पडले. सुगीचे दिवस. तिन्ही गावांची माणसं रोज रस्त्यावर उभी करता येईनात. गाडी दिसल्याबरोबर कुणीतरी पायवाटेने धावत तिन्ही गावांना सांगायला हवं. एवढं भरभर धावणारा माणूस एकच होता.

सरपंचांनी दोन दिवस विचार केला. मग मल्हूला बोलावलं.

"मल्हू, मी तुला नवीन काहीच शिकवणार न्हाय. लोकांनी शिकवलं तेवढं बास झालं. फाट्यावरून एसटी गावाकडं वळली की तिन्ही गावांत वर्दी द्यायची. वर्दी ठावं हाय का?"

"ठावं हाय. रंगराव पाटलांनी शिकवली."

"मग झालं तर," सरपंच म्हणाले. रंगराव जबाबदार माणूस होते.

"एसटी कशी दिसती?" मल्हूने विचारलं. सडकेवरून आडव्या जाणाऱ्या गाड्या त्याने टेकाडावरून पाहिल्या होत्या, पण त्या लांब, मुंगीएवढ्या. गावाकडे तोंड करून आलेली एकही पाहिली नव्हती.

"तांबडी असती. धूड असतं हे एवढं. गुरगुरत येती."

"धूड," मल्हू म्हणाला. त्याने मान डोलावली.

आपण काय बोललो हे सरपंचांना नंतर बरेच महिने आठवत राहिलं.

हौसाबाईने मात्र कुणाच्या वर्दीची वाट बघितली नाही. ती रोज सकाळी नवं लुगडं नेसून, भाकरी बांधून, काठी टेकत टेकत फाट्यावर जाऊन मैलाच्या दगडावर बसत होती. रोज संध्याकाळी तशीच चढून घरी येत होती.

गुरुवारी एसटी आली. फाट्यावर थांबली. साहेबांनी खिडकीतून डोकं काढलं.

"आजी, वर यायचंय का?"

"वर बी यायचंय आन् मग बाजारला बी जायचंय," हौसाबाई म्हणाली.

तिला पायरी चढायला वेळ लागला. कंडक्टरने एका हाताला धरलं, साहेबांनी दुसऱ्या. ती पुढच्या सीटवर खिडकीपाशी बसली. सीट हाताने दाबून बघितली. मग पुन्हा दाबून बघितली.

तेवढ्या वेळात टेकाडावरच्या मल्हूला एसटी दिसली होती. तांबडी होती. गुरगुरत होती. गावाकडे तोंड करून होती.

मल्हू पायवाटेने तांबसवाडीत उतरला. "धूड आलं! दारं लावा! पोरं आत घ्या!" तसाच खडकुट्यात चढला. "धूड आलं! दारं लावा! पोरं आत घ्या!" तसाच वरंडोलीला. वर्दीत एसटी हा शब्द नव्हता. रंगरावांनी सांगितलेल्या वर्दीत तो नव्हता, म्हणून मल्हूने घातला नाही. वर्दी पुरी करून तो डबे घ्यायला पायवाटेने परत खडकुट्याकडे धावला.

तांबसवाडीची कौलं नुकतीच बसवून झाली होती. तिथे दारं सगळ्यांत आधी लागली. स्वतः रंगराव कोट छातीशी धरून माळ्यावर चढले. वरंडोलीच्या पारावर सरपंच हार घेऊन, हलगीवाले बसवून तयारीत होते. वर्दी ऐकून हलगीवाले हलग्या टाकून पळाले. सरपंच हारासकट मारुतीच्या देवळात शिरले आणि त्यांनी आतून कडी घातली. या डोंगरात अस्वल असल्याचं त्यांनी लहानपणी ऐकलं होतं.

एसटी तांबसवाडीतून गेली. दारं बंद. कुत्रंही दिसेना.

"आजी, इथं माणसं राहतात ना?" साहेबांनी विचारलं.

"लई ऱ्हात्यात," हौसाबाई म्हणाली. "जेवत असतील. फुडं बघा, आमचं गाव येतंय."

खडकुटे आलं. दारं बंद. एका घराची खिडकी किलकिली होती, तीही लागली. रस्त्याच्या मधोमध मात्र एक माणूस उभा होता. त्याच्या दोन्ही हातांत घासलेटचे रिकामे डबे होते.

"ह्यो बघा, माझा ल्योक!" हौसाबाई म्हणाली. "आपल्याला घ्यायला आलाय!"

मल्हू डबे बडवत एसटीच्या अंगावर आला. ड्रायव्हरने करकचून ब्रेक दाबला. मल्हू थांबला नाही. त्याने पुढचा पत्रा बडवला, दिवे बडवले, बाजूने जाऊन चाकं बडवली. ड्रायव्हरने भोंगा वाजवला. धूड ओरडलं म्हणून मल्हू दुप्पट ओरडला. हौसाबाई खिडकीतून दोन्ही हात हलवत होती. "मल्ह्या! आरं मल्ह्या! मी हाय रं!" डब्यांपुढे ते काही ऐकू जाईना.

साहेबांनी एकदा बंद दारांकडे पाहिलं. एकदा मल्हूकडे पाहिलं.

"दोन गावांत मिळून एकच माणूस दिसला," ते ड्रायव्हरला म्हणाले, "आणि त्यालाही गाडी नको आहे. घे मागं."

एसटी मागे सरत सरत वळणापर्यंत गेली. तिथे ती वळली आणि तिने पाठ दाखवली. मल्हू थांबला. पाठ दाखवून जाईपर्यंतच सांगितलं होतं.

मग तो वरंडोलीला गेला. बातमी सांगायची राहिली होती. देवळाच्या दारावर त्याने टकटक केलं.

"कोण हाय?" आतून सरपंच म्हणाले. "गेलं का?"

"राम राम सरपंच."

"राम राम. गेलं का ते?"

"टेकतो जरा." मल्हू पायरीवर टेकला. "पीकपाणी काय म्हणतंय?"

कोंडिबाच्या गंजीची गोष्ट सरपंचांनाही पाठ होती.

"मल्हू," आतून हळू आवाज आला, "ते धूड कसलं होतं रं?"

"पोरंबाळं बरी हायती न्हवं?"

"मल्हू! ते तांबडं होतं का?"

मल्हूने खाली बघितलं. "एसटीला जरा बरं न्हाय."

कडी निघाली. सरपंच दारात उभे राहिले. हार त्यांच्या हातात होता.

"आता जास्तच हाय," मल्हू म्हणाला. "मनाची तयारी ठेवा."

सरपंच खाली बसले. मल्हूने त्यांना काखेत धरून उठवलं आणि पाराच्या कडेला आणलं. खाली, लांब, फाट्यावर एक तांबडा ठिपका डांबरी सडकेला लागत होता.

"चला," मल्हू म्हणाला. "शेवटचं बघून घ्या."

दोघांनी बघितलं. ठिपका तालुक्याच्या दिशेने गेला. दारं उघडत होती. माणसं एकेक करून पाराशी जमत होती.

"काळजी करू नका," मल्हूने सगळ्यांना सांगितलं. "पुन्हा हिकडं फिरकायची छाती न्हाय तिची. आईनं हात हलवून आतनं हाकललं, मी भाईरनं."

"आईनं?" सरपंचांनी वळून विचारलं. "हौसाबाई त्या गाडीत हाय?"

"व्हय. खिडकीशी. बसून बाजारला गेली."

"आरं, पर त्या गाडीला तू हाकललंस! आता ती बसून माघारी कशी येणार?"

मल्हूने बराच वेळ विचार केला. केरबातात्यांनी सांगितलेलं आठवलं, कोंडिबाचं आठवलं, सोनाक्कांचं, रंगरावांचं. सगळं एकदा पहिल्यापासून आठवून बघितलं.

"ते अजून कुणी शिकवलं न्हाय," तो म्हणाला.